जर्मन मुख्यालय, जपानी ग्राहक आणि पुण्यातली टीम: वाईट बातमी कधी आणि कोणाला सांगायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, मुख्यालय श्टुटगार्टजवळ, मोठा ग्राहक जपानी. जर्मन साहेबांची तक्रार, की पुण्याची टीम सगळ्याला हो म्हणते आणि मग तारीख चुकवते. टीमची तक्रार, की साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर चुका काढतात. जपानी ग्राहक गोड बोलतो, पण सहा आठवडे झाले तरी उत्तर देत नाही. एचआरने एक दिवसाचं ‘कल्चर ट्रेनिंग’ घेतलं, त्यात व्हिजिटिंग कार्ड दोन हातांनी द्यायला शिकवलं. आता प्रोजेक्ट लीडने नेमकं काय बदलायचं?

कार्ड एका हाताने दिलंत तरी ऑर्डर जात नाही. वाकणं, हात मिळवणं, जेवणाच्या टेबलावरचे नियम यांत परदेशी माणसाला बरीच सूट असते. अडचण उशिरा कळली तर मात्र कोणी सूट देत नाही. तुमच्या तिन्ही तक्रारी मुळात एकाच जागेवर येऊन थांबतात. तारीख चुकणार आहे, माल बिघडला आहे, मागणी मान्य होणार नाही, अशी वाईट बातमी कोणी, कोणाला, कधी आणि कोणासमोर सांगायची याचे तिन्हीकडचे रिवाज वेगळे आहेत. तेवढे नीट समजले तर बाकीचं ट्रेनिंग नसलं तरी चालेल.

सुरुवात आपल्यापासून करू, कारण आपला रिवाज आपल्याला दिसतच नाही. आपल्याकडे अडचण घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जायचं तर उपायही बरोबर न्यायचा असतो. नुसती अडचण सांगणारा पोरगा कच्चा ठरतो. म्हणून तो आधी स्वतः धडपडतो. ओळखीच्या व्हेंडरला फोन, रविवारी जादा शिफ्ट, शेजारच्या कंपनीकडून मोजमापाचं गेज उसनं. बऱ्याचदा जमूनही जातं, आणि जमतं म्हणूनच ही सवय टिकली आहे. ‘होऊन जाईल’ हे खोटं नसतं, मनापासूनचा इरादा असतो. शिवाय वरिष्ठाला चारचौघांत नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. त्यामुळे ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’, ‘साहेबांशी बोलून सांगतो’ असे शब्द येतात आणि ऐकणारा मराठी माणूस सुरावरून ओळखतो की काम अवघड आहे. तेच वाक्य इंग्रजीत, फोनवर, साडेसहा हजार किलोमीटरवरच्या माणसाला सांगितलं की सूर गळून पडतो आणि उरतो फक्त होकार. तो होकार मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत, तारखेसह नोंदला जातो.

तारखेचंही असंच आहे. आपल्या तारखेत ढील मनातल्या मनात धरलेली असते, कारण आपल्याला वीज, व्हेंडर, मंजुरी, पाऊस सगळ्यांचा भरवसा अर्धाच. जर्मन प्लॅनमध्ये ढील असते, पण ती कागदावर उघड लिहिलेली असते. तारखेला टेस्ट बेंच बुक असतो, फिटर ठरलेला असतो, ट्रक सांगितलेला असतो. चार दिवसांचा उशीर दहा दिवस आधी कळला तर तो प्लॅन हलवतो आणि विसरून जातो. त्याच दिवशी दुपारी कळला तर तो महिनाभर विसरत नाही. रागाचं कारण उशीर कमी आणि उशिरा कळणं जास्त असतं, हे टीमला पहिल्यांदा समजावून सांगा.

जर्मन मुख्यालय

‘हे चूक आहे’ असं जर्मन सहकारी चारचौघांत म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा ड्रॉइंगबद्दल बोलत असतो. त्याच्या लेखी काम आणि माणूस हे वेगळे कप्पे आहेत. दहा मिनिटं भांडून तो तुमच्याबरोबर कॅन्टीनमध्ये हसत जेवायला बसेल. आपल्याकडे कामावरची टीका माणसाला लागते, म्हणून टीम दोनपैकी एक करते: लगेच सॉरी म्हणते किंवा गप्प बसते. दोन्ही उलटतात. सॉरीने त्याचा प्रश्न सुटत नाही, आणि गप्प बसण्याचा अर्थ तो सरळ संमती असा घेतो. मग दुसऱ्या दिवशी ‘हे शक्य नाही’ अशी ईमेल गेली की त्याला फसवल्यासारखं वाटतं, कारण बोलायची जागा मीटिंग होती आणि तिथे कोणी बोललं नाही.

टीका झाली की तीन गोष्टी विचारायच्या. कोणता मुद्दा? कोणत्या स्पेसिफिकेशनशी जुळत नाही? किती हवं होतं? उत्तर मिळालं की आपला आकडा समोर ठेवायचा. पटत नसेल तर ‘मला हे पटत नाही, कारण मापं अशी आली आहेत’ असं म्हणायला हरकत नाही, उलट तो त्याची वाट पाहत असतो. आकडा नसेल तर मात्र वाद घालू नका. ‘गुरुवारी मोजून सांगतो’ म्हणा आणि गुरुवारी सांगा.

‘हे मटेरियल का निवडलं?’ या प्रश्नात आपल्याला आरोप ऐकू येतो. प्रत्यक्षात त्याला बहुधा निर्णयामागचा विचार हवा असतो: कोणते पर्याय पाहिले आणि बाकीचे का सोडले. दोन ओळी पुरतात. ‘नेहमी हेच वापरतो’ हे उत्तर त्याच्या दृष्टीने उत्तरच नाही.

कौतुकाची वाट पाहू नका. श्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन प्रदेशात तर म्हणच आहे की रागावलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. ‘नॉट बॅड’ आलं तर टीमला चहा पाजायला हरकत नाही. उलट मुख्यालयाकडून चार आठवडे काहीच प्रतिक्रिया आली नाही की पुण्याची टीम हवालदिल होते. तिथे त्या शांततेचा अर्थ एवढाच, की सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे.

आता तारीख चुकणार असेल तेव्हाचा निरोप. शंका पक्की झाली त्याच दिवशी पाठवायचा. त्यात नवी तारीख, कारण, काय झालं आणि काय राहिलं, आणि त्यांच्याकडून काय हवं, एवढंच. उदाहरणार्थ:

‘नमुने २४व्या आठवड्यात जाणार होते, ते २५व्या आठवड्यात बुधवारी निघतील. कारण: हीट ट्रीटमेंटनंतर हार्डनेस मर्यादेपेक्षा कमी आला, ती परत करावी लागते आहे. १२ पैकी ८ मापं तपासून झाली, आठही मर्यादेत आहेत. उरलेली ४ हीट ट्रीटमेंटनंतरच घेता येतील. ८ मापांचा रिपोर्ट आधी पाठवला तर तुमचं काम सुरू होऊ शकेल का, हे सोमवारपर्यंत कळवा.’

यात ‘लवकरात लवकर’ नाही, ‘८० टक्के झालं’ नाही, तीन वेळा दिलगिरी नाही. ८० टक्के कशाचे हे कोणालाच कळत नाही, आणि शेवटच्या २० टक्क्यांतच बहुतेक वेळा सगळा वेळ जातो. आणखी एक पथ्य: दुसरी तारीख खात्रीची नसेल तर देऊ नका. ‘नवी तारीख शुक्रवारी दुपारी सांगतो, तोवर हार्डनेसचा निकाल येईल’ असं लिहा. पहिल्यांदा तारीख चुकली तर तो कारण ऐकतो. दुसऱ्यांदा चुकली की तुमच्या प्रत्येक तारखेवर आपल्या मनाने दोन आठवडे चढवायला लागतो, आणि तेव्हापासून तुमची खरी तारीखही कामाची राहत नाही.

आठवड्यांचे आकडे वर मुद्दाम लिहिले. जर्मन उद्योगात वर्षातल्या आठवड्याचा क्रमांक हेच कॅलेंडर असतं. वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा, आणि आठवडा सोमवारी सुरू होतो. ‘२४व्या आठवड्यात’ म्हणजे सोमवार की शुक्रवार, हे सुरुवातीलाच विचारून ठेवा.

कामाच्या वेळेबद्दल टीम नेहमी कुरकुरते की ‘तिकडचे पाच वाजता उठून जातात’. त्यामागे कायदा आहे. जर्मन कायद्यानुसार दिवसाचं काम साधारण ८ तास, काही अटींवर १० तासांपर्यंत, आणि एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ११ तासांची विश्रांती. कामगार परिषद, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली कंपनीतली समिती, यावर लक्ष ठेवते. फोक्सवागनने २०११ मध्ये कामगार परिषदेशी करार करून ठराविक कर्मचाऱ्यांच्या कंपनी फोनवर शिफ्ट संपल्यानंतर अर्ध्या तासाने ईमेल पोचवणंच बंद केलं. डाइमलरने २०१४ मध्ये रजेवरच्या माणसाला आलेली ईमेल आपोआप डिलीट करण्याची सोय दिली. पाठवणाऱ्याला फक्त दुसऱ्या माणसाचं नाव कळतं. म्हणून ‘मी ईमेल टाकली होती’ ही सबब तिथे चालत नाही. माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी कोण, हे रजेआधी विचारायचं काम तुमचं. व्हॉट्सॲप तर सोडूनच द्या. कॉन्टिनेन्टलने २०१८ मध्ये कंपनीच्या फोनवर त्याला बंदी घातली. कारण होतं डेटा संरक्षण: ॲप फोनमधल्या सगळ्या संपर्कांची यादी उचलतं. आपल्याकडे शॉपवरचा, म्हणजे कारखान्यातला, फोटो ग्रुपवर टाकला की कळवलं असं धरतात. मुख्यालयाच्या दृष्टीने तो निरोप पोचलेलाच नसतो.

सीसीचं राजकारणही समजून घ्या. आपण साहेबांना सीसीमध्ये ठेवतो ते सुरक्षिततेसाठी, उद्या कोणी ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू नये म्हणून. जर्मन सहकाऱ्याच्या साहेबाला सीसीमध्ये घातलंत तर त्याला ती तक्रार वाटते. आधी त्याला फोन करा, मग गरज पडली तर सांगून सीसी करा. जपानी ग्राहकाकडे नेमकं उलट: सीसीची यादी लांब असणं नेहमीचं, आणि नावं हुद्द्याच्या क्रमाने लिहिलेली बरी.

जपानी ग्राहक

जपानी कार्यालयात नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात ‘होरेनसो’ शिकवतात: कळवणं, संपर्कात राहणं, सल्ला घेणं. यामातने सिक्युरिटीजचे प्रमुख तोमिजी यामाझाकी यांनी १९८०च्या दशकात हे सूत्र लोकप्रिय केलं. आपल्याशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. आपण कारण सापडल्यावर सांगतो, जर्मनाला तारीख हलणार हे पक्कं झाल्यावर कळलं तरी चालतं, जपानी ग्राहकाला मात्र शंका आली तेव्हाच कळायला हवं असतं.

समजा डिस्पॅचला तीन पार्टवर बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची खरखरीत कड, दिसला आणि त्याच लॉटमधले दोन हजार पार्ट आधीच रवाना झालेत. आपली पहिली प्रतिक्रिया: आधी कारण शोधू, मग सांगू. तोवर ते पार्ट त्यांच्या लाइनवर चढतात. करायचं असं. त्याच दिवशी, शक्यतो एकदोन तासांत, फोन. लॉट नंबर, संख्या, आणि माल कुठे किती: आपल्या स्टोअरमध्ये, गाडीत, त्यांच्या गोदामात. खराब पार्ट ओळखायचा कसा, याचा फोटो. आपण आत्ता काय थांबवलं आहे. कारण माहीत नसेल तर ‘कारण शोधतो आहोत’ एवढंच, अंदाज कारण म्हणून सांगायचा नाही. शेवटी पुढचा रिपोर्ट किती वाजता देणार, ती वेळ. त्या वेळेला काही नवीन नसेल तरी ‘नवीन काही नाही, तपासणी चालू आहे’ असा रिपोर्ट द्यायचाच. आपल्याला तो वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांच्या दृष्टीने रिपोर्ट न येणं हीच मोठी बातमी असते.

या बिघाडाबद्दल तेच प्रश्न मग पाच वेगवेगळे लोक विचारतील. क्वालिटी, परचेस, प्रॉडक्शन, त्यांचे पुण्यातले प्रतिनिधी, जपानमधला कोणीतरी. याला अविश्वास समजू नका. प्रत्येकाला आपापल्या विभागात उत्तर द्यायचं असतं. पाचही जणांना आकडे एकच मिळाले पाहिजेत. एका रिपोर्टमध्ये १,९४० आणि दुसऱ्यात ‘सुमारे दोन हजार’ आलं की खराब पार्टांपेक्षा त्या फरकावर जास्त प्रश्न येतात. म्हणून अशा वेळी ग्राहकाशी एकाच माणसाने बोलावं आणि आकड्यांची एकच शीट असावी.

मूळ कारणात ‘ऑपरेटरची चूक’ आणि उपायात ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं’ हे उत्तर जपानी आणि जर्मन दोघेही परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. जपानी ग्राहक ‘का’ दोनदा विचारतो: दोष निर्माण का झाला, आणि निर्माण झालेला दोष कंपनीबाहेर का गेला. दोन्ही प्रश्नांची साखळी वेगळी लिहा. जर्मनांना तेच ८डी फॉर्ममध्ये, म्हणजे दोष सोडवण्याच्या आठ पायऱ्यांच्या नमुन्यात, हवं असतं. त्यातली तिसरी पायरी, म्हणजे ग्राहकाला तात्पुरतं वाचवणारे उपाय, बहुतेक ठिकाणी २४ तासांत मागतात. रंग, ओरखडे, चमक असल्या मापता न येणाऱ्या गोष्टींसाठी मर्यादेचे नमुने दोघांनी सही करून आपापल्याकडे ठेवा. ‘थोडासा ओरखडा’ या शब्दाचा अर्थ चाकणला आणि नागोयाला एक नसतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र वेगळीच आहे: न सांगता केलेला बदल. माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत यांपैकी काहीही बदललं तर ते आधी कळवायचं, असा जपानी ग्राहकांचा नियम. त्याला शॉपवर ‘फोर एम चेंज’ म्हणतात. प्लेटिंगचा व्हेंडर भोसरीतून तळेगावला बदलला, मशीन एका शेडमधून दुसरीत हलवलं, हेही त्यात येतं. आपला युक्तिवाद ठरलेला असतो: ‘पार्ट तर ड्रॉइंगप्रमाणेच आहे, मग सांगायचं काय?’ ग्राहकाने मंजुरी दिलेली असते ती पार्टला आणि तो बनवण्याच्या पद्धतीला मिळून. जर्मन वाहन उद्योगातही प्रक्रिया बदलली की मंजुरी पुन्हा लागते. तरीही आपल्याकडे परचेस विभाग किलोमागे दोन रुपये वाचवतो आणि क्वालिटीला तीन महिन्यांनी कळतं. हा संस्कृतीचा प्रश्न कमी आणि आपल्याच दोन विभागांत बोलणं नसल्याचा जास्त. व्हेंडर बदलाच्या फॉर्मवर क्वालिटीची सही सक्तीची करा, म्हणजे निम्मं दुखणं जाईल.

आता नकार. जपानी माणूस समोरासमोर ‘नाही’ क्वचित म्हणतो. ‘मुझुकाशी’, म्हणजे अवघड आहे, असं म्हणाला तर बहुधा नकारच आहे. ‘विचार करतो’ म्हणाला आणि पुढची तारीख दिली नाही तर तोही बहुधा नकार. तारीख दिली, कागदपत्रं मागितली, बारीक प्रश्न विचारले तर काम पुढे सरकतंय. तुम्ही बोलताना तो ‘हाय, हाय’ म्हणत असेल तर त्याचा अर्थ ‘ऐकतोय’ एवढाच. आपल्या ‘हं… हं…’ सारखंच. खरं तर ‘बघू’ म्हणून नकार देणाऱ्या मराठी माणसाला हे जर्मनांपेक्षा लवकर समजायला हवं. पण इंग्रजी मध्ये आली की आपणही शब्दाला धरून बसतो.

शांततेची भीती बाळगू नका. दर सांगितला, समोरचे तिघे गप्प, एकजण टिपणं काढतोय. दहा सेकंद जातात. आपला सेल्सवाला अस्वस्थ होतो आणि स्वतःच म्हणतो, ‘दोन टक्के कमी करू शकतो.’ समोरचा माणूस फक्त येनमध्ये हिशेब करत होता. दर सांगितल्यावर पुढचं वाक्य त्यांचं असू द्या.

सहा आठवडे उत्तर नाही, त्याचं कारण बहुधा आतली संमती गोळा होत असणं. तिथे प्रस्ताव मीटिंगमध्ये मांडण्याआधी प्रत्येक संबंधित माणसाशी एकेकट्याने बोलून घेतात. याला ‘नेमावाशी’ म्हणतात. नंतर ‘रिंगी’ नावाचा कागद शिक्क्यांसाठी किंवा आता ऑनलाइन मंजुरीसाठी खालून वर फिरतो. या काळात रोज ‘काय झालं?’ विचारून उपयोग नाही. तुमच्या ओळखीच्या माणसाला असं विचारा: ‘आणखी कोणाला समजावून सांगावं लागेल? ते काय विचारतील? त्यांच्यासाठी एक पान तयार करून देऊ का?’ क्वालिटीसाठी तपासणीचा आराखडा, प्रॉडक्शनसाठी पॅकिंग आणि दिवसाची क्षमता, परचेससाठी दराची फोड, अशी वेगवेगळी पानं द्या. आतली लढाई तोच लढणार आहे. त्याच्या हातात कागद देणं एवढंच आपल्या हातात आहे. आणि एकदा मंजुरी आली की ते ताबडतोब सुरुवातीची अपेक्षा करतात. पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आल्यावर टूलिंगची, म्हणजे साचे-हत्यारांची, चौकशी सुरू करणारा पुरवठादार तिथे मागे पडतो.

जर्मन निर्णय मीटिंगमध्ये होतो, जपानी निर्णय मीटिंगआधी, आणि आपला बहुतेक वेळा मीटिंगनंतर, साहेबांच्या केबिनमध्ये. म्हणून जपानी ग्राहकासमोर मीटिंगमध्ये अचानक नवा प्रस्ताव काढू नका, दोनतीन दिवस आधी पाठवा. जर्मनांबरोबरच्या मीटिंगला आपल्याकडून निर्णय घेऊ शकणारा माणूस बसवा. नाहीतर ‘विचारून सांगतो’ म्हणण्यातच तास जातो.

जपानी कंपन्यांत १ एप्रिलला बदल्या होतात. ज्याच्याशी तीन वर्षं जमवलं तो मार्चअखेर दुसऱ्या विभागात जातो. तोंडी ठरलेलं सगळं फेब्रुवारीतच कागदावर आणून ठेवा.

आकडे आणि इंग्रजी

इथे चुका हमखास होतात आणि त्या टाळणं अगदी सोपं आहे. जर्मन लिखाणात दशांशाच्या जागी स्वल्पविराम आणि हजाराच्या जागी टिंब. १.२५० म्हणजे बाराशे पन्नास, सव्वा नव्हे, आणि १२,५ म्हणजे साडेबारा मिलिमीटर. एक्सेल शीट उघडताना हे आपोआप बदलेलच असं नाही. लाख-कोटी बाहेर कोणाला कळत नाहीत. जपानी मोजणी दहा हजारांच्या टप्प्याने जाते, तिथे बोलण्यात एका शून्याची चूक सहज होते. किंमत नेहमी पूर्ण अंकांत आणि चलनासह लिहा. ०४/०५ अशी तारीख कुठेच नको, महिना अक्षरांत लिहा.

जर्मनाने इंग्रजीत ‘अनटिल फ्रायडे’ लिहिलं तर त्याला शुक्रवारपर्यंत काम संपवून हवं असतं. ‘ॲक्च्युअल व्हर्जन’ म्हणजे बहुधा सध्याची आवृत्ती, आणि ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे कदाचित. आपण ‘आय हॅव अ डाउट’ लिहितो तेव्हा त्याला वाटतं की आपला त्याच्या कामावर विश्वास नाही. तिथे सरळ ‘क्वेश्चन’ म्हणा. नकारार्थी प्रश्न कोणालाच विचारू नका. ‘माल आला नाही का?’ याला जपानी आणि मराठी माणूस ‘हो’ म्हणाला तर माल आलेला नसतो, जर्मन माणसाचा हिशेब वेगळा असतो.

वेळेचं गणित: जपान आपल्या साडेतीन तास पुढे. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तिघांची एकत्र मीटिंग असेल तर उन्हाळ्यात भारतातली दुपारी साडेबाराची वेळ निघते: तिकडे सकाळचे नऊ, जपानमध्ये दुपारचे चार. हिवाळ्यात तीच वेळ ठेवली तर जर्मनीत सकाळचे आठच वाजलेले असतात. जपानचे एप्रिलअखेर ते मे सुरुवात, ऑगस्टचा मध्य आणि वर्षअखेर असे तीन सुट्ट्यांचे काळ, जर्मनांची ऑगस्टमधली आणि नाताळची रजा, हे जानेवारीतच कॅलेंडरवर टाका. तसंच आपला गणपती आणि दिवाळीही. अनंत चतुर्दशीला पुण्यातून माल निघत नाही, हे त्यांना आठ महिने आधी कळलं तर कोणीही कुरकुरत नाही.

तुम्ही आणि तुमचे साहेब

हॉफस्टेड या डच संशोधकाचे आकडे ट्रेनिंगमध्ये दाखवले असतील: अधिकाराच्या अंतरात, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांतली दरी लोक किती गृहीत धरतात यात, भारत ७७, जपान ५४, जर्मनी ३५. मुळात ते १९६७ ते १९७३ दरम्यानच्या आयबीएम कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणातून निघाले आणि ते देशांच्या सरासरीचे आहेत. समोरचा माणूस सरासरी नसतो. बर्लिनच्या स्टार्टअपमधली मुलगी आणि श्वाबेनमधल्या एका घराण्याच्या मालकीच्या कंपनीतला साठीचा इंजिनिअर यांच्यातलं अंतर पुणे आणि श्टुटगार्टपेक्षा जास्त असू शकतं. त्या आकड्यांचा एवढाच अर्थ घ्या: तुमच्या टीमला वरिष्ठाला नाही म्हणणं जड जातं, म्हणून तशी सोय तुम्हालाच करून द्यावी लागेल.

वाईट बातमी आणणाऱ्या पोराला तुमच्या केबिनमध्ये झापलं जात असेल तर वरच्या एकाही सल्ल्याचा उपयोग नाही. त्याने सांगितल्यावर पहिलं वाक्य ‘आधी का नाही सांगितलंस?’ असू नये. ‘माल कुठे आहे?’ हे असावं. कारणमीमांसा दुसऱ्या दिवशी.

जर्मन साहेबांनाही चार गोष्टी सांगायला हव्यात, आणि त्या तुम्हीच सांगाव्यात. ‘जमेल का?’ विचारू नका, उत्तर हो येणार. ‘हे करायला काय काय लागेल, सगळ्यात आधी काय अडेल?’ असं विचारा. ‘समजलं का?’ याऐवजी ‘तुम्ही सुरुवात कुठून करणार?’ विचारा. ज्युनिअरला त्याच्या साहेबासमोर अंदाज विचारू नका, एकेकट्याशी बोला. आणि काम चांगलं झालं तर तसं सांगा. त्याला खर्च येत नाही.

नव्या प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगमध्ये एक पान भरून घ्या. तारीख किती दिवसांनी हलली तर कोणाला कळवायचं. फोन की ईमेल. उत्तर किती तासांत अपेक्षित. रजेवर असताना कोण. मिनिट्स कोण लिहिणार आणि २४ तासांत कोण तपासणार. मिनिट्समध्ये काय, कोण, कधीपर्यंत एवढे तीनच रकाने पुरतात.

मग प्रत्येक चुकलेल्या तारखेपुढे दोन तारखा लिहायला सुरुवात करा: टीममध्ये कोणाला तरी पहिल्यांदा शंका आली तो दिवस, आणि मुख्यालयाला किंवा ग्राहकाला कळलं तो दिवस. सुरुवातीला हे अंतर आठदहा दिवसांचं निघालं तर नवल नाही. तीन महिन्यांत ते दोन दिवसांवर आलं तर साहेबांच्या तक्रारी, तारखा तेवढ्याच चुकत असल्या तरी, बऱ्याच कमी झालेल्या दिसतील. अंतर हललंच नाही तर ट्रेनिंग पुन्हा घेऊ नका. शंका आलेल्या माणसापासून तुमच्यापर्यंत बातमी कोणाच्या टेबलावर थांबते, ते आधी पाहा.